मुकी जोडी

१

महेश गेल्याच्या सहाव्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर कागद लागला. वर कारखान्याचं नाव, खाली सही-शिक्का आणि मध्ये चारच ओळी. अपघाताचं कारण म्हणून लिहिलं होतं की इलेक्ट्रिशियनने गुड्स लिफ्टच्या सुरक्षा स्विचची वायर स्वतःच काढून ठेवली होती. नाव कुणाचं घातलं नव्हतं. घालायची गरजही नव्हती. विंचूरच्या त्या कांदा वाळवण्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन एकच होता आणि तोच मेला होता. मेलेल्या माणसाच्या माथी काही मारायचं असलं तर फार कष्ट पडत नाहीत, तो उलटून बोलत नाही.

महेशच्या बायकोने, भाग्यश्रीने, त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. दहावं व्हायचं होतं, घराबाहेर पाऊल टाकू नकोस असं सासू म्हणत होती. तिने ऐकलं नाही. निफाडहून एसटीने नाशिक, तिथून रिक्षाने सातपूर, आणि दुपारी बाराच्या सुमाराला ती त्या इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात येऊन उभी राहिली.

काउंटरमागे सावळीरामकाका कानाला फोन लावून बसले होते. सदुसष्ट वर्षांचे, उभी हयात कारखान्यात फोरमन म्हणून काढलेली, निवृत्तीनंतर ह्या स्टुलावर. अर्ध्या जिल्ह्याला लिमिट स्विच ह्याच दुकानातून जायचे आणि ते निवडून द्यायचे काकांनीच. लिमिट स्विच म्हणजे यंत्राला 'बस, इथवरच' सांगणारी चीज. फिरतं यंत्र येऊन त्याच्या दांडीला धडकतं, दांडी कलते आणि मोटर थांबते. काका कुणालाही नुसता स्विच देत नसत. हाताची पाच बोटं मोजत पाच प्रश्न विचारायचे. काय धडकतं? कुठल्या बाजूने? किती जोरात? पाणी आहे का धूळ? दिवसातून किती वेळा? गिऱ्हाइकं वैतागायची, पण एकदा नेलेला स्विच परत आणायची पाळी कुणावर येत नसे. काकांना त्याचा अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

"पाणी उडतं म्हणतोस ना? मग रबरी सीलवाला घे," काका फोनवर सांगत होते. "आणि जोडताना दोन जोड्या दिसतील. त्यातली नेहमी बंद असते ती घे. हां, नेहमी बंद. ठेव आता."

फोन ठेवून त्यांनी वर पाहिलं आणि उठून उभेच राहिले. महेश त्यांच्या हाताखाली तयार झालेला. एकोणीस वर्षांचा असताना आला होता, टेस्टर कसा धरायचा तेही माहीत नव्हतं. त्याला अग्नी दिला तेव्हा काका पार मागे, बाभळीखाली बसून राहिले होते.

भाग्यश्रीने मोबाइल काउंटरवर ठेवला. "काका, ह्यांनी वायर काढली होती का?"

"महेशने? अगं, तो..."

"तो कसा होता ते मला नका सांगू. मला ठाऊक आहे. शाळेत पोरी वेदिकाला म्हणाल्या, तुझ्या पप्पांनी स्वतःच्या हाताने करून घेतलं. ती घरी येऊन मला विचारते, खरं का? बारा वर्षांची पोर आहे, काका. मी काय सांगू?" तिचा आवाज फुटला, पण डोळे कोरडेच होते. "काढली असली तर तसं सांगा. मी तिला तसंच सांगेन. खोटं नको."

"मी बघतो," काका म्हणाले.

"बघतो नाही. जे निघेल ते सांगायचं. ज्याचं नाव निघेल त्याचं नाव सांगायचं."

"सांगीन. कुणाचंही असो."

तिने पिशवीतून महेशची कामाची डायरी काढून त्यांच्या हातात दिली आणि पाणीही न पिता परत गेली.

२

दुसऱ्या दिवशी विंचूरला जाताना काकांनी एसटीत डायरी उघडली. तिसऱ्या पानावर एक चित्र होतं. स्विचच्या आतल्या दोन जोड्या काढलेल्या, एकीखाली लिहिलेलं 'बोलकी', दुसरीखाली 'मुकी'.

हे नामकरण महेशचं. पंधरा वर्षांपूर्वीचं. स्विचच्या पोटात दोन जोड्या असतात. एक आधीपासून जुळलेली, तिच्यातून करंट वाहत असतो आणि धडक बसली की ती तुटते. दुसरी तुटलेली असते आणि धडक बसल्यावर जुळते. पहिलीला इंग्रजी पुस्तकात 'क्लोज्ड' म्हणतात, म्हणून सगळे फोरमन तिला 'नेहमी बंद' म्हणत आले. महेशला ते पटायचं नाही.

"काका, दुकान बंद म्हणजे काम नाही, पंखा बंद म्हणजे वारा नाही," तो हसत म्हणायचा, "आणि तुमची बंद म्हणजे जिच्यातून करंट वाहतो ती! पोरं गोंधळतील एखाद दिवशी. मीटर लावला की पीं वाजते ती बोलकी आणि वाजत नाही ती मुकी. असं म्हणा ना."

"पुस्तकात आहे ते म्हणायचं," काकांनी त्याला तेव्हा दटावलं होतं. महेशने पुढे कधी 'बंद' शब्द वापरला नाही आणि काकांनी कधी सोडला नाही.

डायरीच्या शेवटच्या पानांवर एकच ओळ तीन वेळा होती, तीन वेगळ्या तारखांना. 'लिफ्टचा वरचा स्विच उघडून बघायचा आहे. किशोरभाऊला सांगितलं. लिफ्ट तासभर मोकळी मिळत नाही.' शेवटची तारीख अपघाताच्या दोन दिवस आधीची. काकांनी डायरी मिटून मांडीवर ठेवली.

किशोर हा तिथला मेंटेनन्सचा सुपरवायझर. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. काकांना तो ओळखत होता.

"काका, महेश माझाही मित्र होता," तो म्हणाला. "पण जे आहे ते आहे. लिफ्टची ट्रॉली कांद्याचे क्रेट घेऊन वर जाते. मजल्याशी एक स्विच तिला थांबवतो. त्या दिवशी तो सालींच्या चिकट्याने अडकला. ते होतच असतं, म्हणून तर वर दुसरा बसवलाय. त्याने थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. ट्रॉली वर चेपली, दोर तुटला. महेश खाली चाक कुठं घासतंय ते बघत होता." त्याने बोटाने लिफ्टच्या वर दाखवलं. "वरचा स्विच उघडला तर आत वायर सुटलेली. स्विच उघडायचं काम महेशचंच. मग दुसरं काय म्हणणार?"

"दाखव."

शिडी चढताना काकांचे गुडघे बोलत होते. स्विच पाहून त्यांना आधी बरंच वाटलं. बंदिस्त धातूचं अंग, रबरी सील, बाजूच्या धडकेसाठी चाकाची दांडी. वाफेच्या जागी हाच हवा. ज्याने निवडला त्याने डोकं चालवून निवडला होता. मग त्यांनी झाकण काढलं, चष्मा कपाळावर सारला आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

वायर सुटलेली होती. पण स्क्रू ढिला नव्हता. स्क्रूखाली तारेचा छोटासा तुकडा अजून घट्ट आवळलेला होता, टोकाला हिरवट गंज. काढली असती तर तार अख्खी निघाली असती. ही तुटली होती. दिवसातून दोनशे हादरे आणि वायरवरून आत उतरणारी कांद्याची वाफ, एवढं तांब्याला पुरतं.

"किशोर," काका वरूनच म्हणाले, "वायर कुणी काढली नाही. तुटलीय. पण ते सोड. मला एक सांग, वायर तुटलेली असताना ही लिफ्ट चालली कशी?"



३

सुरक्षेच्या स्विचला नेहमी बोलकी जोडी लावतात, ती ह्याचसाठी. तिच्यातून करंट सतत वाहत असतो. दांडी कलली तरी करंट जातो, वायर तुटली तरी जातो, उंदराने कुरतडली तरी जातो. करंट गेला की यंत्र थांबलं. म्हणजे ही वायर तुटली त्या क्षणी लिफ्टने जागच्या जागी उभं राहायला हवं होतं. सगळ्यांनी महेशला चार शिव्या घातल्या असत्या, महेशने शिडी लावून वायर जोडली असती आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवला असता.

"जंपर टाकला असेल," किशोर म्हणाला. "दोन टोकं परस्पर जोडली असतील."

"मग जंपर कुठं आहे?"

ह्याचं उत्तर निकिताने दिलं. ती स्टोअर सांभाळायची आणि कारखान्याची कागदपत्रंही. अपघातानंतर दहा मिनिटांत तिने पॅनेलचे आणि स्विचचे फोटो काढून ठेवले होते. जंपर कुठेच नव्हता. फोटोत आणखी एक गोष्ट होती, जी काका शिडीवरून पाहून आले होते पण तोंडाने बोलले नव्हते. वायर ज्या स्क्रूंना लावली होती त्यांच्यावर तेरा आणि चौदा असे आकडे कोरलेले होते. तेरा-चौदा म्हणजे मुकी जोडी.

मुकी जोडी धडक बसेपर्यंत गप्प असते. तिची वायर तुटली तर कुणाला काही कळतच नाही. ती आधीही बोलत नव्हती, नंतरही बोलत नाही.

"हा स्विच कधी बसवला?" काकांनी विचारलं.

निकिताने जॉब कार्ड काढलं. अठरा नोव्हेंबर. खाली अडखळत्या अक्षरात लिहिलेलं: 'नवीन स्विच बसवला. बंद वाली जोडली.' तपासणीच्या रकान्यात किशोरची सही.

काकांनी डायरीतलं अठरा नोव्हेंबरचं पान काढून शेजारी ठेवलं. महेशचं गोल, टपोरं अक्षर: 'त्र्यंबक. आबांचं श्राद्ध. दोन दिवस रजा.'

"महेश त्या दिवशी इथं नव्हताच," काका म्हणाले. "आणि असता तरी त्याने 'बंद' हा शब्द लिहिला नसता. मेला असता पण लिहिला नसता." बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी कार्ड निकितापुढे सरकवलं. "हे अक्षर कुणाचं?"

निकिताने किशोरकडे पाहिलं. किशोर खिडकीकडे पाहत होता.

"कुंदनचं," ती म्हणाली.

४

कुंदन सुरगाण्याचा. भात काढून झालं की दरवर्षी जीपने इकडे यायचा. क्रेट चढवायचा, आणि हात चांगला म्हणून वायरिंगलाही मदत करायचा. काकांना पाहून तो अंग चोरून उभा राहिला. त्याला बसायला सांगावं लागलं.

"महेशदादा रजेवर व्हता," तो म्हणाला. "जुना स्विच मोडला. ट्रॅक्टर बाहेर उभं, कांदा खाली तसाच पडलेला. किशोरसाहेब म्हणं, तू बसव. मी कधी एकट्यानं बसवला नव्हता. खोक्यावर दुकानाचा नंबर व्हता. निकिताताईच्या फोनवरनं लावला."

"मग?"

"तिकडनं एक म्हातारं माणूस बोललं. लय चांगलं बोललं. आधी पाच गोष्टी इचारल्या. कोण धडकतं, कुठनं, किती जोरात, पाणी हाय का, दिसाला किती वेळा. मंग म्हणं, तुमच्याकडं आणलेला हाच बरोबर हाय."

काकांनी हातातला पेन खाली ठेवला.

"मी इचारलं, दोन जोड्या हायेत, कोणती लावू? त्ये म्हणं, नेहमी बंद असते ती लाव. मी मीटर लावून पाह्यलं. एक जोडी वाजली, दुसरी गप. गप म्हंजे बंद. नाय का?" कुंदनने मान वर केली. "मी तर ते सांगलं तसंच केलं, काका. चुकलं का काय?"

काकांनी जॉब कार्ड पुन्हा जवळ ओढून ते दोन शब्द वाचले. 

"आणि लिफ्ट चालू झाली?" निकितानेच शेवटी विचारलं.

"कुठं झाली? जागची हलंना. मंग किशोरसाहेबांनी पॅनेलमंदी कायतरी खटकी फिरवली, तवा चालली. वरचा स्विच हातानं दाबून पाह्यला, थांबली. साहेब म्हणं, झालं काम."

किशोर मटकन खुर्चीत बसला. पॅनेलमधल्या रिलेवर, म्हणजे स्विचचा निरोप मोटरपर्यंत नेणाऱ्या डबीवर, एक बारकी खटकी असते. एका बाजूला असली तर करंट गेल्यावर यंत्र थांबतं, दुसऱ्या बाजूला केली तर करंट आल्यावर. चुकीच्या जोडीवर लिफ्ट हटून बसली होती. तिने खरं तर सांगितलंच होतं की काहीतरी उलटं जोडलंय. किशोरने खटकी फिरवून तिचं तोंड दाबलं.

"मला वाटलं, नवीन स्विचला तसं लागत असेल," तो म्हणाला. "हाताने दाबल्यावर थांबत होती, काका. थांबत होती."

"महेशने तीनदा स्विच उघडून बघू म्हटलं."

"सीझन होता." किशोरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी म्हटलं, चालतंय ना, मग कशाला उघडतोस."

कुंदन अजून काकांकडेच पाहत होता. त्याला अजून काही कळलं नव्हतं. "त्या दुकानवाल्याला गाठा तुम्ही," तो भाबडेपणाने म्हणाला. "त्यानंच सांगलं. त्याला इचारा."

५

काकांनी त्याला विचारलं. दुकानात परत आल्यावर काउंटरखालची स्वतःची वही काढली. प्रत्येक फोनची पाच उत्तरं ते तिच्यात टिपून ठेवत. अठरा नोव्हेंबर, दुपारी: 'ट्रॉली. बाजूने. हळू. कांदा, वाफ. दोनशे.' पुढे त्यांची नेहमीची टिकची खूण. त्या दिवशी असे सव्वीस फोन आले होते. फोन कुणाचा, वायर कोण जोडणार, त्याने आधी कधी जोडली आहे का, हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. पाच बोटं मोजून झाली की काकांचं काम संपत असे.

महेशचं हसणं त्यांना स्पष्ट आठवलं. पोरं गोंधळतील एखाद दिवशी. पंधरा वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं पोराने, आणि आपण पुस्तक पुढे केलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी काकांनी कारखान्यात जाऊन तीन पानी जबाब लिहून दिला. तुटलेली तार, तेरा-चौदा, खटकी, डायरीतल्या तीन ओळी, फोनवरचा शब्द, सगळं क्रमाने, आणि शेवटी स्वतःचं पूर्ण नाव. कुंदनबद्दल लिहिलं की त्याला सांगितलं तेच त्याने केलं. किशोरनेही त्याखाली सही केली. ती करताना त्याला दोनदा पेन खाली ठेवावा लागला. संध्याकाळी फाटकावरचा कागद उतरला. त्या जागी काही लावलं नाही, नुसत्या चार टाचण्या राहिल्या.

तेरावं झाल्यावर काका निफाडला गेले. भाग्यश्रीने चहा ठेवला. त्यांनी नको म्हटलं. वही आणि डायरी शेजारी शेजारी ठेवून त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. 

"म्हणजे ह्यांनी काही केलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"काही नाही. उलट तो तीनदा उघडायला निघाला होता."

तिने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. वेदिका दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे थेट महेशचे होते. काकांना तिच्याकडे पाहवेना.

"पप्पांनी नव्हतं केलं," भाग्यश्री म्हणाली. "वायर आपोआप तुटली होती. ऐकलंस? उद्या शाळेत सांग सगळ्यांना."

पोरीचा चेहरा एकदम सैल पडला. इतके दिवस धरून ठेवलेलं रडू आलं, तिने ते बाहीने पुसलं. मग मुलं विचारतात तसं सरळ विचारलं, "मग कुणी केलं?"

भाग्यश्रीने काकांकडे पाहिलं. कुंदन, किशोर, वाफ, सीझन, काकांपाशी सांगायला पुष्कळ होतं आणि त्यातलं काही खोटंही नव्हतं. पण काउंटरवर दिलेला शब्द त्यांच्या लक्षात होता.

"माझ्याकडून झालं, बाळा," ते म्हणाले. "मी एक शब्द चुकीचा सांगितला. तुझ्या पप्पांनी मला आधीच सांगितलं होतं की तो शब्द वापरू नका. मी ऐकलं नाही."

वेदिका त्यांच्याकडे पाहत राहिली. चौथीत असताना ह्याच काकांनी तिला बॅटरीवर दिवा पेटवून दाखवला होता. ती वळली आणि आत निघून गेली.

"तुम्ही खरं सांगाल म्हणून तर आले होते तुमच्याकडे," भाग्यश्री म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "सांगितलंत. पण आता तुम्ही या, काका. इथं येत नका जाऊ."

काका उठले. डायरी तिथेच ठेवली, वही पिशवीत घातली. चपला पायात सरकवताना त्यांचा तोल गेला, त्यांनी चौकटीला धरलं.

"आणि जाताना दार..." ती म्हणाली, आणि थांबली. नेहमीचा शब्द तिच्या ओठावर आला होता. तिने तो गिळला. "दार लावून घ्या."

दार लावतात. दार लोटतात. डोळे मिटतात, डब्याला झाकण घालतात, तार तुटते, तार जुळते. बोलायला एवढे शब्द होते. अठरा नोव्हेंबरला दुपारी सावळीरामकाकांना त्यातला एकही सुचला नव्हता.

त्यांनी दार ओढून घेतलं आणि कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत मूठ धरून बाहेर उभे राहिले.